कॅमेरा, पिवळा खडू आणि सातवी ब

सोमवार, ३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. आजचा दिवस पुढे कोणी माझं चरित्र लिहिलं तर लागेल.
शाळेत शिक्षकांना अधिक चांगलं शिकवता यावं म्हणून मोठा कार्यक्रम सुरू होतोय. त्यासाठी बाहेरून एक ट्रेनिंगवाल्या बाई आल्यात. वर्षभर वर्गावर्गात बसणार आणि आमच्यातल्या एकाला 'मार्गदर्शक शिक्षक' नेमणार. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सर्वांसमोर म्हणाल्या की मदतीची सुरुवात गणिताच्या सरांपासून करू. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नम्रपणे छताकडे पाहिलं. मदत कोण कोणाला करणार, हे काही फोड करून सांगायला नको.
संकल्प : नम्र राहणे. नेमणूक झाल्यावरही नम्र राहणे. पहिलं मार्गदर्शन चित्रकलेच्या बाईंना. माझ्या शेजारचाच वर्ग त्यांचा, सतत बाजार भरलेला. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
लेक माझ्याच वर्गात आहे, सातवी ब. शाळेत 'सर', घरी 'बाबा', हा नियम मी केला आणि तिने तो आजवर एकदाही मोडलेला नाही. गणिताच्या चाचणीत वीसपैकी सहा. सगळ्या सिली मिस्टेक्स. गणित रक्तात आहे, फक्त वर यायला वेळ घेतंय.
संध्याकाळी ही म्हणाली की पोरीला तुकडी बदलून हवी आहे, सातवी अ. अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचा, दोघांच्या सह्या लागतात. अ मध्ये गणिताला दुसऱ्या बाई आहेत. मी म्हटलं, तिकडे मैत्रीण असेल. ही म्हणाली, मैत्रिणी सगळ्या ब मध्येच आहेत. मी म्हटलं, मग भांडण झालं असेल. ही उठून भांडी लावायला गेली.
घरी लेक मला गणितातलं कधीच काही विचारत नाही. वर्गातच सगळं कळत असणार, नाहीतर विचारलं नसतं का?

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आनंदाची बातमी. बुधवारी माझ्या तासाचं शूटिंग. नंतर सगळ्या शिक्षकांना दाखवणार, त्यावर चर्चा. ट्रेनिंगवाल्या बाईंनी तयारी म्हणून एकच सूचना केली. प्रश्न विचारल्यावर जरा थांबावं, मुलांना विचार करू द्यावा. मी म्हटलं, थांबतोच की मी. बहुधा त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत म्हटलं.
विषय ठरवला : समीकरणं. माझा हातखंडा. माझी पद्धत शास्त्रशुद्ध आहे. मी म्हणतो, "बाजू बदलली!" वर्ग ओरडतो, "चिन्ह बदललं!" मग मी, "कळलं का?" वर्ग, "हो सर!" ओळी माझ्या स्वतःच्या आहेत. मध्यंतरी एकाने विचारलं होतं की चिन्ह का बदलतं. त्याला म्हटलं, नियम आहे. तेव्हापासून कोणी विचारत नाही. इतकं स्पष्ट झालं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
निळा शर्ट घेतला. दुकानदार म्हणाला, चौकड्या कॅमेऱ्यात नाचतात.
दुपारी घरी तालीम. हिला म्हटलं, मोबाइलवर शूट कर. कपाटाच्या दारालाच फळा मानलं आणि सुरू झालो. मधेच हिच्या बहिणीचा फोन आला आणि ही बोलत बोलत गॅलरीत गेली. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ कपाटाला समीकरणं शिकवत होतो. तास चांगला झाला होता हे मात्र खरं. ही म्हणाली, कपाटाने एकदाही जांभई दिली नाही, म्हणजे तुला आणखी काय हवं.
लेकीला विचारलं, तुला कसं वाटलं. ती म्हणाली, छान. हुशार आहे पोरगी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
केस काळे केले. डावा कानही झाला. साबण, लिंबू, रॉकेल, काही उपयोग नाही. कॅमेरा उजवीकडून घ्यायला सांगेन.

बुधवार, १२ नोव्हेंबर
झालं. अप्रतिम.
एक गोष्ट जरा खटकली. बाईंनी कॅमेरा फळ्याच्या शेजारी लावला आणि त्याचं तोंड मुलांकडे केलं. मी सुचवून पाहिलं की मी इकडे आहे. त्या म्हणाल्या, हो, माहीत आहे. नवं तंत्र असावं. तरी मी प्रसंगावधान राखून दर दोन मिनिटांनी सरकत सरकत कॅमेऱ्यापुढे जात होतो. दिसलो असेन. डाव्या बाजूने दिसलो असेन, हे घरी आल्यावर लक्षात आलं.
मध्यावर पिवळा खडू संपला. पांढऱ्यावर भागलं असतं, पण फिल्मवर पिवळा खुलतो. ऑफिसात आणायला गेलो. क्लार्कने कानाबद्दल विचारलं, त्यात थोडा वेळ गेला. परत येतो तर आमचं कार्टं जागा सोडून फळ्यापाशी! सगळ्यांसमोर चांगलं झापून खाली बसवलं. पोटची पोर असली तरी शिस्त म्हणजे शिस्त. हा भाग फिल्ममध्ये उठून दिसेल.
शेजारच्या वर्गातून चित्रकलेचा गोंधळ येतच होता. फिल्ममध्ये आला असला तर मार्गदर्शनाला पुरावा होईल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
ट्रेनिंगवाल्या बाई म्हणाल्या की सगळ्यांना दाखवण्याआधी तुम्ही एकट्याने बघून घ्या, नको वाटलं तर दाखवायचं नाही. केवढी ही नम्रता. मी म्हटलं, छे, मीही सर्वांबरोबरच बघणार, सरप्राइज राहू दे. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा मोठं मन दाखवलं. वर मोठ्या बाईंना विचारून हिलाही बोलावलं. नवऱ्याचं काम बायकोने एकदा तरी मोठ्या पडद्यावर बघावं.

बुधवार, १९ नोव्हेंबर
अर्ज जेवणाच्या टेबलावर आहे. हिची सही झालेली आहे. मी म्हटलं, शनिवारी फिल्म बघ, मग बोलू.
मार्गदर्शक झाल्यावर करायच्या भाषणाचा कच्चा मसुदा तयार. थोडा लांबलाय. काटछाट करायला जागाच सापडत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर
लिहावंसं वाटत नाही. पण संकल्प आहे.
लायब्ररीत सगळे जमले. मी पहिल्या रांगेत, शेजारी ही. बाईंनी आधी सांगितलं की शिक्षकाकडे बघायचं नाही, मुलांकडे बघायचं. त्याची काळजी कॅमेऱ्याने घेतलीच होती. पडद्यावर अख्खी सातवी ब. माझा फक्त आवाज. मधून मधून उजवीकडून एक काळा कान आत यायचा आणि जायचा.
आवाज माझाच होता, पण इतका सलग असतो हे ठाऊक नव्हतं. प्रश्न मी विचारतो आणि उत्तरही मीच देतो. "कळलं का?" आलं की पोरं मान वर न करता "हो सर" म्हणतात. एकजण तोंडात बिस्किट असताना म्हणाला. एकीने तेवढ्यात इतिहासाचा गृहपाठ संपवला. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती, कारण अर्धा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपला होता. आमची लेक तिसऱ्या बाकावर. सुंदर अक्षरात सगळं उतरवून घेत होती. चेहऱ्यावर काहीच नाही.
मग पडद्यावर माझी पावलं बाहेर गेली. दार लागलं. लेक उठली. म्हणाली, सर यायच्या आत कोणीतरी सांगा ना, सात पलीकडे गेला की वजा का होतो? कोणी म्हणालं, तू घरीच विचार की. ती म्हणाली, घरी विचारलं तर बाबा पहिल्या धड्यापासून सुरू करतात, जेवण गार होतं.
लायब्ररीत हशा. सगळ्यात आधी ही हसली. मीही हसलो, खिलाडूवृत्ती म्हणून.
मग शेवटच्या बाकावरची एक उंच मुलगी फळ्यापाशी गेली. मी तिला वर्षभरात एकही प्रश्न विचारलेला नाही. तिने दोन्ही हात तराजूसारखे धरले. इकडचे सात काढले तर हा हात वर जाईल, म्हणून तिकडचेही सात काढायचे. सात कुठे उडी मारून जात नाही, आपण दोन्हीकडून तेवढेच उचलतो. सगळा वर्ग पुढे झुकला. बिस्किटवालासुद्धा. लेकीने फळ्यावर स्वतः एक गणित सोडवून पाहिलं आणि म्हणाली, एवढंच होतं? तिचा तो चेहरा मी घरी कित्येक महिन्यांत पाहिलेला नाही.
दार उघडलं. संध्याकाळी दुकानांची शटर पडावीत तसे सगळे चेहरे बंद झाले. मग माझं झापणं. ते बरंच लांबलं होतं. ही हसायची थांबली होती.
बाईंनी विचारलं, काय दिसलं. चित्रकलेच्या बाई हळूच म्हणाल्या, वर्ग चांगला आहे. सरांनी नुसतं दार उघडं ठेवलं तरी पुष्कळ होईल. त्या टोमणा मारत नव्हत्या, म्हणून जास्त लागलं.
मार्गदर्शक शिक्षक म्हणून त्यांचीच नेमणूक जाहीर झाली. दर बुधवारी त्या माझ्या वर्गात मागे बसणार. सुरुवात गणिताच्या सरांपासून.

रविवार, २३ नोव्हेंबर
रात्रभर विचार केला. दोष माझा नाही, पिवळ्या खडूचा आहे. मी बाहेर गेलोच नसतो तर हे काही कळलं नसतं.
हे वाक्य पुन्हा वाचलं. खोडायला हवं. राहू दे.
संकल्प, एकच : कमी बोलणे. प्रश्न विचारून थांबणे. सुरुवात घरापासून. पोरीला वर्ग बदलायची गरज पडणार नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
उद्या अर्जाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाच वाजता लेकीला समोर बसवलं. विचारलं, बाजू बदलली की चिन्ह का बदलतं? आणि थांबलो. खरंच थांबलो. जीभ दातांखाली धरली. ही दारात उभी राहून बघत होती.
पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं, मी आजारी आहे का अशा नजरेने. मग हळूहळू दोन्ही हात वर केले. तराजू. अगदी बरोबर सांगितलं, मुद्देसूद. शेवटी म्हणाली, बाबा, असंच ना? मला भरून आलं. वीसपैकी सहावाली ही नव्हेच.
त्या आनंदात मी फक्त एक छोटी भर घातली. तराजूवरून वजनं, वजनांवरून अपूर्णांक, तिथून ऋण संख्या. मधे ही दोनदा जेवायला बोलावून गेली. मी म्हटलं, आलोच. रंगात आलो होतो. कपाटासमोरसुद्धा इतका रंगलो नव्हतो. शेवटी हात झटकून विचारलं, कळलं का?
ती म्हणाली, हो सर.
घरात म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नाही.
आमटी गार झाली होती. टेबलावरच अर्ज होता. सही करून टाकली. अक्षर छान आलं.