तुलोऊ म्हणजे ‘फार खाली’ नव्हे

सालेलोलोगा, सवाई बेट
९ सप्टेंबर

चि. लेवी यास,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. शेतात तारोचा कंद छान धरलाय, डुकरीण व्यालीय. आपली भाची फेतू रोज कोको करपवते आणि रोज चुलीला बोल लावते. माझी तब्येतही बरी. मध्यंतरी जरा घसरले होते, ते सोड.

पांढऱ्या रविवारला, पोरांच्या सणाला येतोयस, आणि परतताना सोबत माझंही ऑकलंडचं तिकीट काढलंयस, हे कळलं. लुपेनं माझ्यासाठी खोली रंगवली म्हणे. गुणाची आहे रे तुझी बायको.

पण आधी पोलोनीचं सांगते. ब्रिस्बेनची विद्यार्थिनी. नाव ब्रोनविन, पण आपल्या जिभेला ते कुठलं झेपायला! अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्यासारखं ज्यांचं पाऊल लोंबतं, त्यांना कुठल्या ब्रेसनं नीट चालता येतं, यावर तिचा अभ्यास चाललाय. ब्रेस म्हणजे पोटरीपासून बोटांपर्यंत प्लास्टिकची खोळ, पाऊल खाली पडू देत नाही. आपियाच्या इस्पितळातल्या दालनात ती माझ्या पायाला चकचकीत गोळ्या चिकटवायची आणि चालायला लावायची. कॉम्प्युटरवर काड्यांची बाहुली माझ्यासारखीच लंगडायची. मी म्हटलं, “अगं, निदान तिला तरी धड चालव!” पोरगी हसून हसून लाल.

वाटेच्या मध्यावर तिचे सर खुर्ची टाकून बसायचे, बाजूला चटईवर नंबराची वाट बघणारे दोन म्हातारे. त्यांच्यापुढून जाताना बाहुली दर वेळी कमरेत मोडायची. सर चिंतेत पडले. कमरेत जोर नाही, म्हणाले. त्यात मी दर वेळी तोंडानं म्हणायची, “तुलोऊ.” सरांना वाटलं, बाई इंग्रजीत सांगतायत, ‘टू लो’, फार खाली आहे! मग काय, ब्रेस आणखी उंच केला आणि चांगला कडक केला. मी मुकाट घालून आले. एवढा मोठा माणूस, उगाच थोडाच करेल?

आता घसरण्याचं सांगते. घसरले नाही रे लेवी, पडले. पाद्रीबाबा घरी आले होते, सगळे चटईवर बसलेले. मी कोकोचा पेला घेऊन त्यांच्यापुढून निघाले. ताठ कशी जाणार? वाकले. घोटा तसूभर हलेना, आणि मी धाडकन त्यांच्या मांडीवर. कोको त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, माझी कमरेला गुंडाळलेली लावालावा कुठच्या कुठे. बायकांनी उचललं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. ज्या घरात मला बसल्या माणसांपुढून जाता येत नाही, त्या घरात मी कोण?

त्यानंतर मी मागच्या खोलीतून बाहेरच आले नाही. चर्च सोडलं. कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या. आणि तुला लिहिलं, ये, मला घेऊन जा. इतकी वर्षं तू विनवत होतास आणि मी नाही म्हणत होते, मग एकाएकी हो का म्हणाले, हे तू विचारलं नाहीस. तुला आनंदच इतका झाला. मीही सांगितलं नाही.

पोलोनी मात्र बोट पकडून इथवर आली. मी इस्पितळात का येत नाही, म्हणून. चटईवर मांडी घालून बसली बिचारी, पायाला मुंग्या येईपर्यंत. फेतू आमच्यापुढून वाकून गेली, “तुलोऊ, तुलोऊ” करत. पोलोनीचा घास हातातच राहिला.

“तू का वाकलीस?”

“मोठी माणसं बसलीत ना! पुढून जाताना वाकून ‘माफ करा’ म्हणायचं. ताठ गेले तर मावशी कान उपटेल.”

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. “म्हणजे तिथे... सर बसले होते म्हणून?”

“मग काय त्यांच्या डोक्यावरून जाऊ?” मी म्हटलं.

ती रडायलाच लागली रे. म्हणे, चूक आमची, पडलात तुम्ही. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, वेडे, विचारायला एवढा समुद्र ओलांडून आलीस, कोण येतं?

पुढच्या खेपेला तिनं नवा ब्रेस आणला. घोट्याशी बिजागरी आहे. पाऊल लोंबत नाही, पण पाय पुढे झुकतो. तळाला रबर, म्हणजे घरात बुटाशिवाय चालतं. आता ती दालनात प्रत्येकाला वाकायलाही लावते म्हणे, आणि सर स्वतः खुर्ची सोडून चटईवर बसतात! देव तिचं भलं करो. माझ्या पायापेक्षा माझी रीत तिनं परत आणून दिली, हे उपकार मी कशानं फेडू?

गेल्या रविवारी पाद्रीबाबा पुन्हा आले. मुद्दाम काळा सदरा घालून, लबाड! मी पेला घेऊन त्यांच्यापुढून गेले. वाकून. एक थेंब सांडला नाही. फेतूनं आत जाऊन डोळे पुसले, मला दिसलं.

लेवी, बहिणीला सांभाळणं हे भावाचं कर्तव्य, म्हणून तू झटतोस. तुझ्यासारखा भाऊ सगळ्यांना मिळत नाही. लुपेला सांग, त्या खोलीत मी पाहुणी म्हणून येईन, लाड करून घेईन. पण भरलेली पेटी मी परत उपसली आहे. कोंबड्याही मागून आणल्या. तू ये. चटईवर बस. कोको मीच आणीन, करपलेला नाही.

तुझ्या शब्दाला आडवी जातेय, म्हणून वाकून म्हणते,

तुलोऊ, भावा.

तुझीच,
मातालेना