नाल्यापलीकडची हरकत

प्रिय दिपाली,

कालपासून दोनदा कागद घेतला आणि फाडला. पहिल्या दोन पत्रांत शिव्याच होत्या. ह्यातही राग आहे, पण निदान वाचता येईल असा.

प्रभागांचा कच्चा नकाशा लागला त्या दिवशी आमच्या अय्यूबने फोनवर मला तो मोठा करून दाखवला. आपल्या नाल्यावरून लाल रेघ गेली होती. तुमचा पाडा अलीकडे, आमची कमानगल्ली पलीकडे. गल्ली थेट हायवेपल्याडच्या प्रभागाला जोडलेली. त्या बाजूची माणसं आम्हाला ओळखत नाहीत, आम्ही त्यांना नाही. अकराशे मतं आमची, तिकडे तीस हजारांत ती कोणाच्या खिजगणतीत असणार? पाण्याची नवी लाइन तू नगरसेविका असतानाच मंजूर झाली, ती आता कोण मागणार? मी अय्यूबला म्हटलं, दिपालीला हे माहीत नसणार, कळलं की ती कचेरी डोक्यावर घेईल. माझा किती विश्वास होता बघ. तुला सात फोन केले. तू म्हणालीस पक्षाच्या कामाच्या गडबडीत आहेस, हरकत तूच लिही, मी मागे आहे.

म्हणून मी लिहिली. चार दिवस घरोघर फिरले. लूमवरच्या बायकांच्या सह्या शिफ्ट सुटताना कारखान्याच्या दारात उभं राहून घेतल्या. तीनशे बारा हरकती झाल्या. लोक विचारायचे, नगरसेविकाबाई कुठायत? मी सांगायचे, आपल्याच बाजूने आहेत. तुझ्यासाठी मी खोटी पडले, दिपाली. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

सुनावणीला मला दोन मिनिटं दिली. मी सांगितलं की सीमा मोठ्या रस्त्याने जावी असं तुमच्याच नियमात आहे, मग हायवे ओलांडून आम्हाला का नेता? नाला तर एक ढांग टाकली की संपतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइलमधून एक कागद काढला. म्हणाले, “बाई, तुमच्या हरकतीच्या उलट सूचनाही आली आहे. तीही तुमच्या शेजारच्या पाड्यातून.” त्यांनी तो वाचायला दिला. ‘दोन्ही वस्त्यांचे राहणीमान भिन्न असल्याने त्या एका प्रभागात ठेवणे गैरसोयीचे आहे.’ खाली तुझी सही.

राहणीमान भिन्न. नूरैनला कळा सुरू झाल्या तेव्हा गुडघाभर पाण्यातून तुझ्या देवेशचा टेंपो गल्लीत कोणी आणला होता? शेलारच्या वळणावर टेंपो बंद पडला आणि माझ्या बहिणीचं बाळंतपण तू मागे ताडपत्रीखाली केलंस. त्या मुलीचं नाव उन्नती आम्ही तुला विचारून ठेवलं. घरातल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, तरी ठेवलं. त्यानंतरच आपण दोघी दवाखान्यासाठी कचेरीत जाऊन बसलो. तुझ्या सासूबाई, आमच्या राहीमावशी, दर वर्षी आमच्या गच्चीवर बोंबील वाळत घालतात, कारण पाड्यात टॉवर झाल्यापासून ऊन येत नाही. महिनाभर आमच्या चादरींना सुकटीचा वास येतो. आम्ही कधी तोंड वाकडं केलं? एकच वास आहे गं दोन्ही घरांना. तू कोणतं राहणीमान मोजलंस?

त्याच संध्याकाळी तुझ्या दारात आले. देवेश म्हणाला तू मानकोलीला मीटिंगला गेलीस. तुझ्या चपला पायरीवर होत्या. मी तशीच मागे फिरले, त्याला खोटं बोलताना त्रास होत होता. दुसऱ्या दिवशी तूच फोन केलास. पक्षाने सांगितलं, गल्लीची मतं असतील तर तिकीट नाही, तू काय करणार होतीस, वगैरे. शेवटी म्हणालीस, “खदी, आमचं पण बघावं लागतं ना.” इतकी वर्षं तू ‘आपलं’ म्हणत आलीस. गल्लीत मतं मागतानाही आपलंच म्हणायचीस.

मग रेघ पक्की झाली. आमच्या तीनशे बारा हरकतींना एकच उत्तर आलं, अमान्य. उर्दू शाळेच्या पटांगणात लोक जमले. कोणी म्हणे मतदानावर बहिष्कार टाकू, कोणी म्हणे कोर्टात जाऊ. घरी आल्यावर अय्यूबला सांगितलं की मी उभी राहणार, आणि राहणार तर दिपालीच्याच प्रभागातून, तिच्याच जागेवर, अपक्ष. नाव शहराच्या यादीत असलं की कुठूनही उभं राहता येतं. फक्त अर्जावर सही करणारा सूचक त्या प्रभागातला लागतो. गंमत बघ, मी स्वतःला मतसुद्धा देऊ शकत नाही. माझं मत तू नाल्यापलीकडे टाकलंस. पाड्यातला माणूस तुझ्याविरुद्ध सही करणार नाही हेही मला माहीत होतं. दोघांना विचारलं, दोघांनी मान खाली घातली.

आज दुपारी राहीमावशी आल्या. एकट्या, काठी टेकत, नाल्यावरच्या फळीवरून. तू काय लिहून दिलंस ते त्यांना बाजारात कोणीतरी वाचून दाखवलं होतं, आणि मला सूचक मिळत नाही हेही कानावर आलं होतं. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, “मना इचारलं का कोनी? आन तो अर्जाचा कागद.” मी नको म्हटलं. तुम्हाला त्याच घरात राहायचंय, मावशी, असं दोनदा सांगितलं. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि साक्षरता वर्गात शिकलेली सही हळूहळू केली. एका सहीला पाच मिनिटं लागली असतील.

उद्या अकरा वाजता मी अर्ज भरते आहे. सूचक म्हणून तुझ्या सासूबाई माझ्यासोबत रिक्षाने येतील, तूही तुझा अर्ज भरायला तिथे असशीलच. लोकांसमोर एकदम कळू नये म्हणून हे आज लिहिलं. मी बहुतेक हरेन, ते मला कळतं. माझ्याशी भांड, प्रचारात माझ्याबद्दल हवं ते बोल. पण त्या म्हातारीला घरात एक शब्द बोललीस, तर मी स्वतः येऊन त्यांना इकडे घेऊन येईन, आणि मग ती रेघ खरंच पडली असं समज.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
खदीजा