कंडक्टरच्या पेटीतले चाळीस सेकंद

मी, सिद्धोधन सूर्यभान वाव्हळे, वय ६७, एसटी आगारातून निवृत्त वीजतंत्री, राहणार पाथरी, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हीच शुद्ध चार वर्षांपूर्वी असती तर हा कागद अर्ध्या पानात संपला असता.

१. पाथरीचे दोन खोल्यांचे घर व बँकेतील ठेव माझी एकुलती एक मुलगी सुकेशनी हिला मिळावी. त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही.

२. धाकटा भाऊ नागसेन यास बैठकीतली लाकडी खुर्ची द्यावी. सुकेशनी पायलट व्हायला निघाली तेव्हा तो याच खुर्चीवर बसून म्हणाला होता, "पोरीच्या हातात कुणी इमान देतंय का?" मी त्याला चहा पाजून वाटेला लावले. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. तो दुरुस्त करून देऊ नये.

३. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर व पकडी आगारातल्या नव्या वीजतंत्र्यांनी न्याव्यात.

४. आता पेटीविषयी. तिकिटांची मशीन आल्यावर कंडक्टरच्या अॅल्युमिनियमच्या पेट्या भंगारात निघाल्या. त्यातली एक मी मागून आणली आणि तिच्यात उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र बसवले. जीपीएस, उंची कळावी म्हणून हवेचा दाब मोजणारा सेन्सर, विमान कोणत्या बाजूला किती कलले ते टिपणारा दुसरा सेन्सर, आणि मेमरी कार्ड. कार्ड संगणकात घातले की सिम्युलेटरच्या पडद्यावर तेच उड्डाण पुन्हा दिसावे, अशी योजना होती. पोरीचे विमान घरबसल्या बघायची मला हौस होती.

विमान ज्या बाजूला वळते त्याच बाजूला कलते, हे मी वाचले होते. चाचणी मात्र बसमध्ये घेतली. देवगाव फाट्यावर बस डावीकडे वळली, आणि घरी येऊन पाहिले तर पडद्यावरचे विमान उजवीकडे कललेले. मला वाटले आपलेच चुकले. मी प्रोग्रॅममध्ये एक वजाचे चिन्ह घालून ते उलटे केले. बस वळणावर बाहेरच्या अंगाला झुकते. पेटी खरेच सांगत होती. एकतीस वर्षे एसटीत काढलेल्या माणसाला एवढे कळू नये, याची मला लाज वाटते.

५. सुकेशनीने पेटी एकदाच विमानात नेली. त्याच दिवशी उतरताना विमान धावपट्टी सोडून गवतात गेले आणि प्रोपेलर वाकला. ती म्हणाली, वारा डावीकडून होता, मी डावा पंख वाऱ्याकडे खाली धरला होता, चाकाचा ब्रेक अडकला. मी शेवटचे चाळीस सेकंद लावून पाहिले. उजवा पंख खाली होता. तेवढेच चाळीस सेकंद मी पन्नास वेळा पाहिले, बाकीचे उड्डाण एकदाही नाही.

माझी पत्नी केशरबाई म्हणाली, "पोरगी खोटं बोलत न्हाई. तुमचा डबा तपासा आधी." मी म्हणालो, मशीन खोटे बोलत नसते. आणि प्रामाणिकपणाचा मोठा आव आणून ते रेकॉर्डिंग मीच तिच्या प्रशिक्षण संस्थेला पाठवले. पंखाचे खोटे ठरले म्हणून ब्रेकचेही खोटे ठरले. तिला काढून टाकले. "बाबा, तुमी मला एकदा इचारायचं तरी होतं," एवढेच ती बोलली. आता परभणीत मोबाइलच्या दुकानात काम करते. या घरात ती आईच्या मातीला आली, तेवढीच.

६. केशरबाई गेल्यावर एका दुपारी घर खायला उठले, म्हणून मी ते उड्डाण पहिल्यापासून लावले. पहिल्याच वळणावर विमान डावीकडे वळले आणि उजवीकडे कलले. असे विमान उडतच नाही. मी वजाचे चिन्ह काढले आणि शेवट पुन्हा लावला. डावा पंख खाली होता. ती म्हणाली होती तसाच.

संस्थेला कळवले. उत्तर आले की घरगुती यंत्राची नोंद पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. तिच्याविरुद्ध होती तेव्हा हीच नोंद त्यांना चालली होती.

७. पेटी, कार्ड व हा खुलासा माझ्या मृत्यूनंतर सुकेशनीला द्यावा. तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नाही.

ठिकाण: पाथरी. दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५
सही: सि. सू. वाव्हळे
साक्षीदार पहिला: दत्ता रोडगे, निवृत्त चालक (सही)

पुरवणी: दुसऱ्या साक्षीदार, शेजारच्या कमलबाई खंदारे, यांनी वाचून पेन खाली ठेवला. "मेल्यावर सांगून मोकळे व्हायलाव का, भाऊ? मग तिनं भांडायचं कुणाशी?" म्हणाल्या. सबब कलम ७ रद्द. पेटी घेऊन मी उद्या स्वतः परभणीला जाईन, चूक माझी होती असे सांगेन, आणि ती जे बोलेल ते उभ्याने ऐकून घेईन.
सही: सि. सू. वाव्हळे

साक्षीदार दुसरी: कमलबाई खंदारे (सही), १२ नोव्हेंबर २०२५
भाऊ जाऊन आले, म्हणून आज सही केली. पोरीनं पेटी ठेवून घेतली. भाऊला बसा म्हणली न्हाई.