प्रेताचं काम

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

लॉज विकून तुमच्याकडे राहायला यावं, असं तू पुन्हा लिहिलंस. तुझे भावोजी गेल्यापासून खोल्या रिकाम्याच असतात, हे खरं. तरी एकदा करून बघते. पुढच्या शनिवारी खुनाचा खेळ ठेवलाय. पाहुणे मुक्कामाला येतील, जेवणाआधी घरातलं कोणीतरी मरेल आणि जेवता जेवता त्यांनी खुनी शोधायचा. खोल्या भरल्या तर तू विकायचं नाव काढायचं नाहीस. नाही भरल्या तर तू म्हणशील तसं.

प्रेताचं काम तुझ्यासाठी राखून ठेवलंय. पाठांतर काही नाही. ये.

तुझी वाट बघणारी,
ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

ऑफिसात मरायलाही सवड नाही, तिथे येऊन कुठे मरू? रागावू नकोस. प्रेत तूच हो. फक्त घोरू नकोस, नाहीतर खुनी सुटेल.

अट मान्य. ही मात्र तुझ्यासाठी खोली झाडून बसली आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटा

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

सगळ्या खोल्या भरल्या. मी जिंकले.

बैठकीच्या खोलीत गालिच्यावर मीच पडले. पाहुण्यांनी आचाऱ्याला घेरलं आणि मालकिणीचं कोणाशी वाकडं होतं का, असं विचारलं. माळ्याशी भांडण झालं होतं, असं त्याला पढवलं होतं. तो घाबरला, सगळं विसरला आणि खरं सांगून बसला. म्हणाला, बाईंचं कोणाशी वाकडं नाही, बाई कोणाशी बोलतच नाहीत. उद्या भाजी कुठली, एवढंच काय ते मला विचारतात. पाहुण्यांना तो धागा वाटला. एका बाईंनी विचारलं, मग ही मेली हे कळलं तरी कसं? सगळे हसले. मीही हसले असते, पण मेले होते.

खुनी सापडला, टाळ्या झाल्या. सकाळी सगळे गेले. मी चादरी काढल्या. पुन्हा खेळ कधी, अशी विचारणाही आली आहे.

हरले असते तर तुझ्या म्हणण्यावरून आले असते. आता माझ्या मनाने लिहिते. लॉजला गिऱ्हाईक बघ. वहिनीला सांग, मला रस्त्याकडची खोली दे. खाली लोक भांडत असले तरी चालतील.

भेटेपर्यंत लोभ सांभाळून ठेव.
ताई