शेऱ्याचा रकाना

बुधवार पेठ, पुणे २
१४ जुलै २०२४

चि. ऋचास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे वडील हयात असून त्यांचं अक्षरही शाबूत आहे, हे कळवण्यासाठी हे पत्र. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोन आमोदने लावून दिलेला आहे, त्यात आलेलं सगळं माझ्याआधी त्याला कळतं. आणि दोन खोल्यांच्या घरात त्याच्याबद्दल बोलायचं म्हणजे मला खाली रस्त्यावर जावं लागेल. दगडूशेठच्या रांगेत उभं राहून स्वतःच्या मुलाची चहाडी करणं मला या वयात शोभणार नाही.

मार्चमध्ये कंपनीने काढल्यावर तुझा भाऊ तीन महिने पलंगाला चिकटून होता. आता पाचला उठतो. सूर्यनमस्कार घालतो. सिगारेट सुटली. वारज्याला शंभूदादा म्हणून कोणी आहेत, त्यांच्या व्यायामशाळेत जातो. संध्याकाळी तिथे बैठक असते. चोवीस वर्षांच्या आयुष्यात त्याने प्रथमच अंथरुणाची घडी घातली, तेव्हा मी मनातल्या मनात त्या शंभूदादांना नमस्कार केला.

पण गेल्या रविवारी मी स्वारगेटच्या आपल्या बेकरीतून खारी आणली, ती त्याने पुड्यासकट कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या लोकांच्या हातचं घरात आणायचं नाही, असं म्हणाला. तुझी आई दवाखान्यात असताना त्याच बेकरीच्या चाचांनी तुम्हा दोघांना रोज नानकटाई बांधून दिली होती. मी काही बोललो नाही. तू तिकडे अशाच गोष्टींचा अभ्यास करतेस ना? मग हा ताप आपोआप उतरणारा आहे का, ते कळव.

इकडचा लोभ पूर्वीइतकाच आहे, तिकडचा पत्रातून दिसावा.

तुझा,
बाबा


काठमांडू
३१ जुलै २०२४

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. तुमचं अक्षर पाहून इथल्या सगळ्यांना वाटलं की सरकारी नोटीस आली आहे. आमच्या श्रीलंकेच्या सहकाऱ्याने तर ते उजेडात धरून पाहिलं.

बाबा, आता हसणं पुरे. पुड्यासकट टाकली, हे वाक्य मी चार वेळा वाचलं. आमच्या केंद्रात सहा देशांतले लोक आहेत. साधी मुलं मारामारीच्या, बाँबच्या वाटेला कशी लागतात, हे आम्ही घरोघरी जाऊन विचारतो. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण हकिगत पुष्कळदा अशीच सुरू होते. मुलगा रिकामा असतो, कोणीतरी त्याला शिस्त लावतं, घरचे खूष होतात, आणि मग एक दिवस तो कोणाच्या तरी हातचं खाणं बंद करतो.

सोबत एक तक्ता पाठवते. आम्ही तो घरच्यांसाठीच तयार केला आहे. घरी येण्याची वेळ, बरोबर कोण, फोन किती वेळ, बोलण्यात आलेले नवे शब्द, आणि शेवटी शेरा. रोज भरायचा. चौतीस वर्षं शाळेत हजेरीपट ठेवलेला माणूस मला दुसरा कुठे मिळणार? त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याला कळू देऊ नका. दोन महिन्यांच्या नोंदी हातात आल्या की काय करायचं ते मी इथल्या जाणत्यांना विचारून सांगेन.

गोळ्या वेळेवर घ्या. रागावलात तरी चालेल, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
ऋचा


बुधवार पेठ, पुणे २
१५ सप्टेंबर २०२४

चि. ऋचास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. गणपतीची गर्दी जोरात आहे. ढोलांमुळे खिडकीची काच थरथरते आणि तिच्याबरोबर माझं अक्षरही, तेव्हा समजून घे.

तुझा तक्ता फारच सुटसुटीत होता, म्हणून मी शाळेचा एक कोरा हजेरीपट काढून त्यात नीट रकाने आखले. वेळेवर आला तर निळी शाई, उशीर झाला तर लाल. आज पस्तीस दिवस झाले. लाल अठ्ठावीस. नवे शब्द अकरा, त्यातले चार मला पत्रात लिहिण्यासारखे वाटत नाहीत. खरं सांगू का, मला बरं वाटू लागलं आहे. निवृत्तीनंतर प्रथमच संध्याकाळी काहीतरी काम असतं. तो आला की मी घड्याळ पाहतो आणि तो हात धुवायला गेला की लिहितो.

एक नोंद कळवतो, कारण ती कुठल्याच रकान्यात बसत नाही. गौरी गेल्या त्या गुरुवारी, म्हणजे बारा तारखेला, तो सहा पस्तीसलाच आला. एकटा. मी वही उघडून आदल्या दिवशीचं पूर्ण करत होतो, ती मिटली. तो सहा एकोणचाळीसपर्यंत दारातच उभा होता. पायातले बूटही काढले नाहीत. मग जेवायचं नाही म्हणून सांगून झोपला. मी शेरा लिहिला, आज लवकर आला, कारण समजले नाही. तुझ्या जाणत्यांना याचा काही अर्थ लागतो का, विचार.

मोदक यंदा विकतचे आणले. तुझ्या आईच्या मोदकांची आठवण आली, पण ते असो. लोभ असू दे.

तुझा,
बाबा


काठमांडू
२२ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. काल फोन केला तेव्हा आमोद समोर असावा, कारण तुम्ही मला काठमांडूच्या पावसाबद्दल तीनदा विचारलंत आणि बाकीचं पत्रात लिही म्हणालात. म्हणून लिहिते. माझं चुकलं आहे.

गेल्या आठवड्यात आमची मोठी परिषद झाली. आजवर तिथे अधिकारी आणि प्राध्यापक यायचे. या वेळी आम्ही हट्टाने घरच्यांना बोलावलं, आणि त्या वाटेवरून परत आलेल्या तिघांनाही. श्रीलंकेच्या श्यामलाबाई आल्या होत्या. त्यांचा मुलगा परत आला नाही. मी मोठ्या अभिमानाने आपला तक्ता पडद्यावर दाखवला. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. पोलीस, शिक्षक, शेजारी, तुमच्यासारखे अभ्यासक, सगळ्यांनी मुलाबद्दल मला विचारलं, पण त्याला स्वतःला कोणी काही विचारलं नाही, असं म्हणाल्या. मीही नाही विचारलं, मी रोज त्याचे खिसे तपासत होते, असंही म्हणाल्या.

तेव्हा बाबा, तो तक्ता आजच फाडून टाका. त्याच्यासमोर बसा आणि त्याला विचारा, की तुला काय झालंय. चिडला तर चिडू दे. मी घरात बसवली ती पाळत, तिला अभ्यास म्हणू नये. हे मला, आठ वर्षं हेच काम करणाऱ्या मुलीला, एका परक्या बाईने सांगावं लागलं, याची लाज वाटते.

पत्र मिळताच कळवा. माझ्यावरचा लोभ या चुकीसकट राहू द्या.

तुमची,
ऋचा


बुधवार पेठ, पुणे २
६ ऑक्टोबर २०२४

चि. ऋचास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल शनिवारी आलं. आमोद मंगळवारी गेला.

मंगळवारी तो कपाटात पदवीचं प्रमाणपत्र शोधत होता. कुठेतरी नोकरीसाठी बोलावलं होतं म्हणे, तेही मला नंतर त्याच्या मित्राकडून कळलं. मी मंडईत गेलो होतो. प्रमाणपत्र मी माझ्या शिस्तीने शाळेच्या कागदांत ठेवलेलं, आणि हजेरीपटही तिथेच. त्यात तुझं पहिलं पत्र घडी करून खुणेसाठी ठेवलं होतं. मी आलो तेव्हा वही टेबलावर उघडी होती आणि तो पिशवी भरत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. फक्त म्हणाला की शंभूदादा निदान तोंडावर बोलतात. मग वारज्याला राहायला गेला.

दोनदा तिथे जाऊन आलो. व्यायामशाळेच्या दारातल्या मुलांनी मला आत सोडलं नाही. काका, घरी जा म्हणाले, तेही अगदी नम्रपणे.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू तक्ता पाठवलास, लाल शाई माझी होती. चौतीस वर्षांत वर्गातलं एखादं पोर गैरहजर असलं की मी नोंद केली. का आलं नाही म्हणून त्याच्या घरी मी कधी गेलो नाही. ते काम माझं नव्हे, असंच मला वाटत असे.

लोभ ठेव. आता घरात तेवढाच आहे.

तुझा,
बाबा


काठमांडू
१५ डिसेंबर २०२४

चि. आमोदला,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुरुंगात तुझ्या हातात पडायच्या आधी कोणीतरी वाचेल. वाचू दे. आपल्या घरात तुझ्याबद्दल जे चोरून लिहिलं गेलं, त्यापेक्षा हे बरं.

मी पुण्यात होते तेव्हा तू भेट नाकारलीस. नाकारलीस ते मला मान्य आहे. दहा नोव्हेंबरच्या सकाळी शंभूदादाची पाच माणसं बेकरीत शिरली आणि त्यातल्या एकाला मोटारसायकलवर तू नेलंस, तू आत गेला नाहीस, एवढं मला वकिलांकडून कळलं. चाचांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे. बाबांबरोबर मी दवाखान्यात गेले होते. मूठ वळत नाही, त्यामुळे पीठ मळता येणार नाही, असं ते सांगत होते. मग त्यांनी मला विचारलं, की आमोदला तिथे जेवण बरं मिळतं का.

आमच्या केंद्राने तो तक्ता सगळ्या देशांत बंद केला आहे. पुढच्या वेळी आधी मुलांशी बोलायचं, त्यांना बरोबर घ्यायचं आणि मगच काही लिहायचं, असं ठरलं. चांगलं ठरलं, पण उशिरा ठरलं. तुझ्याबद्दल मी बाबांना विचारलं, पुस्तकांना विचारलं, सहा देशांतल्या लोकांना विचारलं. तुला एक ओळ लिहिली नाही. ती आज लिहिते आहे. आमोद, तुला काय झालं होतं रे?

उत्तर दिलंस तर मी ते कुठल्याही रकान्यात भरणार नाही. लोभ उरला असेल तर लिही.

तुझी,
ताई


पुणे
९ जानेवारी २०२५

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. उत्तर लिहायला तीन आठवडे लागले, कारण हा प्रश्न मला आधी कोणी विचारला नव्हता आणि तयार उत्तर नव्हतं.

इथे रोज हजेरी होते. नाव पुकारलं की हात वर करायचा. पहिल्या दिवशी मला हसू आलं, बाबा इथेही पोचले असं वाटलं. बाबा दर भेटीला येतात. पूर्वीसारखे घड्याळाकडे पाहत नाहीत, वेळ संपली की शिपायालाच सांगावं लागतं.

विचारलंस म्हणून सांगतो. नोकरी गेल्यावर मला घरात सगळे जपून वागवायचे, आजारी असल्यासारखे. शंभूदादा कामं सांगायचे. सतरंज्या घाल, पोरांना गोळा कर. मी उपयोगाचा आहे असं वाटायचं. बाकी जे ते बोलायचे, ते मी आधी नुसतं ऐकलं, मग बोलू लागलो. खारी टाकली तेव्हा बाबा रागावतील, असं मला वाटलं होतं. ते काहीच बोलले नाहीत. मोटारसायकल मी चालवली, ती वहीने चालवली नाही. हे कोर्टातही सांगणार आहे. चाचांना पत्र लिहायला चार वेळा बसलो. मायन्याच्या पुढे जाता येत नाही.

आता बारा सप्टेंबरचं. त्या दिवशी बैठकीत चाचांच्या बेकरीचं नाव पहिल्यांदा निघालं. मी पाणी पिऊन येतो सांगून उठलो आणि बस पकडून सरळ घरी आलो. बाबांना सगळं सांगायचं आणि उद्यापासून तिकडे जायचं नाही, एवढं बसमध्ये ठरवलं होतं. दारात आलो तर बाबा लिहीत होते. मला पाहून त्यांनी वही मिटली आणि घड्याळाकडे पाहिलं. मी वाट पाहिली, की काय रे म्हणतील. मग झोपलो.

वही सापडली तेव्हा मी पहिलं तेच पान काढलं. त्यांना काही समजलं होतं का, एवढंच पाहायचं होतं. शेऱ्याच्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं, आज लवकर आला, कारण समजले नाही.

हे बाबांना कळवू नकोस. मीच कधीतरी सांगेन, ते समोर असताना. तू पुढच्या महिन्यात भेटायला ये, मी नाही म्हणणार नाही. लोभ आहे, तो इथे कोणी जमा करून घेतला नाही.

तुझा,
आमोद

ता. क. वहीतली वेळ बरोबर आहे. मी दारात चारच मिनिटं उभा होतो. मला तो तासभर वाटलं होतं.