तू दाखवलेली एकच फाइल

दि. १४ नोव्हेंबर

धाकटे बंधू, आणि आता कंपनीचे एकटे मालक, यांस,

अनेक आशीर्वाद. पद्धत आहे म्हणून लिहिले, मनातून आलेले नाहीत. इकडे सगळं ठीक. माझ्या मेल तू न वाचता बाजूला सारतोस, म्हणून कागदावर लिहितेय. तुझी बायको हे तुझ्या हातात देईन म्हणालीय.

"तुझी ओळ निरुपयोगी आहे, आता एआयसुद्धा तेच म्हणतो," असं लिहून तू त्याच्या उत्तराचा फोटो पाठवलास. छाती फुगली असेल. डायलिसिस वॉर्डच्या अलार्मचा प्रोग्राम आपण दोघांनी लिहिला, त्यातली ती ओळ माझी. रक्तदाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की अलार्म वाजतोच, मग "आधीपेक्षा झपाट्याने उतरला तरी वाजव" हे वेगळं कशाला, असं तू त्याला विचारलंस. आणि दाखवलंस काय? अलार्मची एकच फाइल. चाचण्यांचं आख्खं फोल्डर शेजारी पडलंय. प्रश्नात त्याचं नाव जोडलं की तो ते वाचतो. पण ते मी लिहिलेलं, म्हणून तुला त्याचं वावडं.

तो बिचारा काय करणार? समोर ठेवलं तेवढंच त्याने वाचलं. माझ्याकडच्या जुन्या प्रतीतून तीच फाइल देऊन मीही विचारलं. शेवटी तो लिहितो, "हे फक्त या फाइलवरून सांगतोय. चाचण्या दाखवल्यात तर उत्तर बदलू शकतं." तुझा फोटो मात्र खालून कापलेला. अर्धं दाखवायचं आणि पुरा निकाल लावायचा, ही तुझी जुनी खोड आहे.

बाबांशी हेच केलंस. "ताई स्वतःहून कंपनी सोडून गेली," एवढंच सांगितलंस. मी आले तेव्हा ऑफिसचं कुलूप बदललेलं होतं, ते गाळलंस. बाबा मला अजून विचारतात, "तुझं काय बिनसलं गं?" मी त्यांची उशी सरळ करते आणि विषय बदलते.

तुझं वॉर्डात येणं होत नाही, म्हणून सांगते, डायलिसिसला खिडकीजवळचा पलंग बाबांचा. दाब मुळातच चढा. ती ओळ नव्हती तेव्हा एके दिवशी तो कोसळला तरी ठरलेल्या आकड्याच्या वरच राहिला, म्हणून अलार्म वाजला नाही. त्यांचे डोळे फिरलेले सिस्टरने पाहिले, म्हणून वाचले. मी तुला फोन करत होते आणि तू गिऱ्हाइकाबरोबर जेवत होतास. त्यानंतर ती ओळ मी त्या पलंगाशी बसून लिहिली. चाचणीत घातलेले आकडे बाबांचे आहेत.

सोमवारी तू ती ओळ काढलेला नवा प्रोग्राम वॉर्डात चढवणार आहेस. सोमवारीच बाबांची डायलिसिसची पाळी असते. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कंपनीच्या माणसाने लेखी कळवलं तर थांबवतो." कंपनीचा माणूस आता तूच.

ते फोल्डर जोड आणि त्याला पुन्हा विचार. नाही जोडलंस तर सोमवारी मी त्या पलंगाशी उभी असेन, हाताने दाब मोजत. बाबांनी काय चाललंय विचारलं, तर या वेळी मी काही गाळणार नाही.

'तुझी ताई' असं लिहवत नाही, म्हणून

बाबांची मुलगी