झोपल्या लेकराला उठवू नये

१२ जुलै २००७
सुदृढ बालक स्पर्धेत गार्गीचा पहिला नंबर. पाच महिन्यांची, पण वजनात सगळ्यांच्या पुढे. घरी आल्या आल्या सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. "असं शहाणं लेकरू अख्ख्या मखमलाबादेत नाय. रडत नाय, नुस्तं झोपतं." मला ते झोपणंच आवडत नाही. तिला घाम फुटतो, दूध ओढत नाही. पण बक्षीसवाल्या पोरीच्या आईनं तक्रार कशी करायची?

१९ जुलै
दुपारभर झोपली. पाजायला उठवत होते तर सासूबाईंनी हात धरला. "झोपल्या लेकराला उठवू नये. झोपेतच अंग धरतं." ह्यांना सांगितलं. हे शेवंतीच्या पाट्या बांधत होते. "आईनं आम्हाला वाढवलंच ना?" झालं.

२ ऑगस्ट
आकडी आली. डोळे वर, हात ताठ. डॉक्टर म्हणाले फिट आहे, औषध सुरू करा. सासूबाईंच्या मते स्पर्धेतल्या बायकांची नजर लागली. पुन्हा मीठमोहऱ्या.

२१ ऑगस्ट
औषध चालू असून पुन्हा आकडी. ह्यांना न विचारता दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी टाचेतून रक्त घेतलं. साखर अठ्ठावीस, हवी सत्तरच्या वर. "पोर उपाशी होती का हो?" काय तोंडानं सांगू! झोपेतून उठवून पाजा म्हणाल्या, आणि लगेच मुंबई गाठा. घरी सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या.

५ सप्टेंबर, मुंबई
सर्जननी चित्र काढून दाखवलं. पोटात स्वादुपिंड. ते इन्सुलिन सोडायचं थांबतच नाही. साखर अंगावर चरबी होऊन बसते, मेंदूला काही पोचत नाही. म्हणजे गुटगुटीत दिसणारी माझी पोर उपाशीच होती. आणि आम्ही टाळ्या घेतल्या.

१ ऑक्टोबर
औषधांनी भागेना. ग्लुकोजचं सलाईन कमी केलं की साखर खाली. ऑपरेशनच. सगळं स्वादुपिंड बिघडलेलं असेल तर जवळजवळ सगळं काढायचं, मग पुढे बहुतेक जन्मभर इन्सुलिनची सुई. एकाच जागी बिघाड असेल तर तेवढंच. आत बघितल्याशिवाय खात्री नाही. दुर्बिणीतून करणार, बारीक भोकं पाडून.
सासूबाईंचा फोन. "पोट फाडू नका रे, पोरीची जात हाय. उद्या सोयरीक जमवायची." हे म्हणाले, "दुर्बिणीतून हाय, आई. डाग दिसणार नाय." तेवढ्यावर तिकडे सगळे निवांत. पोर जगते की नाही त्याचा घोर मला, आणि ह्या सगळ्यांना सोयरीक! इतका संताप आला की रडूच फुटलं.

४ ऑक्टोबर
झालं. स्वादुपिंडाचे तुकडे तपासून येईपर्यंत पोर टेबलावरच. टोकाकडचा एवढासा भाग बिघडलेला निघाला, तेवढाच काढला, बाकी चांगलं. सर्जन म्हणाले, साखरेचं बहुतेक मिटलं. हे पाया पडायला वाकले. मी विचारलं, आणि मेंदूचं? "ते मोठी होईल तसं कळेल."

६ नोव्हेंबर
घरी. साखर छान राहते. बायका बघायला येतात. सासूबाई झबलं वर करून दाखवतात. "बघा, दिसतंय का काही?" "नाय बाई, कमालच केली." सगळ्या पोट बघून चहा पिऊन जातात. नऊ महिन्यांची पोर बसत नाही, नजर धरत नाही, ते कुणी विचारत नाही.
आज मी बोललेच. "तेव्हा मला उठवू दिलं असतं तर..." त्या म्हणाल्या, "आमी काय मुद्दाम केलं? माझी नाय का ती?" मुद्दाम नाही केलं. म्हणून तर धड भांडताही येत नाही.

२२ डिसेंबर
सकाळी ओट्यावर उन्हात घेऊन बसले होते. मागून हाक मारली, "गार्गी". तिनं मान वळवली! पण त्याच वेळी ह्यांची मोटारसायकल दारात आली. माझ्या हाकेकडे वळली की गाडीच्या आवाजाकडे, कळलं नाही. हे म्हणाले, "मार की पुन्हा हाक, बघू." गाडी बंद होती, सगळं शांत होतं. मी तिला उचलून आत घेऊन आले. हाक काही मारली नाही.